तिसरा गिअर आणि एकतीस सत्कार

सगळं त्या काळ्या टी-शर्टापासून बिघडलं, असं नूतनचं म्हणणं आहे. नवरा एक्कावन्न वर्षांचा, भोरमधल्या एका हायस्कुलात हेडक्लार्क, फिकट निळा आणि फिकट पिवळा ह्या दोन रंगांपलीकडे आयुष्यात कधी न गेलेला. आणि तो दिवाळीची सगळी खरेदी उरकल्यावर दुकानदाराकडे वाकून हळूच म्हणतो, माझ्या मापाचा एक काळा टी-शर्ट दाखवा. नूतनने तिथंच विचारलं, "कोण गेलं?"

कोणी गेलं नव्हतं. उलट यायचे होते. नूतनच्या बहिणीची मुलगी शिवानी पुण्यात एका बँडमध्ये गाते आणि गिटार वाजवते. चौघांचा बँड, नाव 'तिसरा गिअर'. रॉक वाजवतात, मराठीत, स्वतःच लिहून. अडचण एवढीच, की शहरात कुठंही वाजवायला घेतलं की विसाव्या मिनिटाला खालच्या मजल्यावरचा रक्तदाबवाला वर येतो. म्हणून ओळखीच्या चार बँडांनी मिळून एक हंगाम करायचं ठरवलं होतं: डिसेंबरचे चार शनिवार, शहराबाहेर मोकळं रान, ज्याला ऐकायचंय त्यानं यावं, ज्याला नाही त्यानं घरी झोपावं. पहिला शनिवार तिसरा गिअरचा. बाकीच्या तीन बँडांचा एकेक माणूस तो बघायला येणार, आणि सगळं बरं वाटलं तरच पुढचे तीन शनिवार होणार. रान मात्र मिळत नव्हतं. हे शिवानी भाऊबीजेला फराळ करताना सांगत होती आणि नूतनचा नवरा कुमार साळेकर तोंडात चकली असताना म्हणाला, "आपलं खाचर आहे की जांभळटेकला. भात निघालं की रिकामंच पडतं."

चकली गिळून मग बोलला असता, तर पुढचं काही झालं नसतं.

पण त्याला दोष देता येत नाही. एकोणिसाव्या वर्षी तो पुण्याला असाच एक कार्यक्रम ऐकायला गेला होता. पहिलं गाणं मध्यावर आलं, समोरच्या स्पीकरचा धक्का छातीत बसायला लागला, आणि भोरची शेवटची एसटी चुकेल म्हणून हा उठला. ते अर्धं गाणं बत्तीस वर्षं त्याच्या डोक्यात अर्धंच होतं. मोबाईलवर त्याने जगभरचे कार्यक्रम बघितले, कानात इअरफोनचे बोळे घालून, नूतन झोपल्यावर. पण मोबाईल छातीत वाजत नाही. कुमारला जन्मात एकदा, स्पीकरसमोर उभं राहून, एक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचं होतं. एवढंच. माणसं ह्याहून मोठ्या गोष्टी मागतात आणि त्यांना मिळतातही.

त्याने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर चार शनिवारांभोवती लाल गोल केले. असल्या कार्यक्रमात तीन-तीन तास उभं राहतात असं वाचल्यामुळे तो रोज संध्याकाळी गॅलरीत उभं राहायचा सराव करू लागला. समोरच्या बिल्डिंगमधून दोनदा विचारणा झाली, की साळेकरभाऊजींचं घरात काही बिनसलंय का.

जांभळटेक ही उत्रोलीच्या पुढची वाडी. तिथलं खाचर कुमारच्या चुलतीच्या नावावर. अक्काबाई, वय अठ्ठ्याहत्तर, आणि सातबारा घरात कुठं ठेवलाय हे मरेपर्यंत कोणाला न सांगण्याचा तिचा निश्चय. कुमार गेला तेव्हा ती ओट्यावर बसून सूप पाखडत होती.

"बँड? लगीन कुणाचं?"

लग्न नाही, असं कुमार म्हणाला. वरात नाही, मिरवणूक नाही, निवडणूकही नाही.

"मग वाजवत्यात कशापायी?"

हा प्रश्न मुळावरच होता. अक्काबाई म्हणाली, जमिनीत वल हाय तवर वाल टाकायचाय, नाचगाण्याला रान मोकळं ठिवायला मी काय खुळी न्हाई. आणि इथं कुमारच्या तोंडून ते वाक्य निघालं. विचार करून निघालं नाही. सव्वीस वर्षं हायस्कुलाची गॅदरिंगं, निरोप समारंभ आणि पाहुण्यांच्या भेटी सांभाळलेल्या माणसाच्या तोंडून शिंक यावी तसं निघालं.

"अक्का, स्टेजवर तुमचा सत्कार करू. शाल, श्रीफळ."

सूप थांबलं. शेजारच्या फुलाबाईचा गेल्या साली बचत गटाने सत्कार केला होता, आणि तेव्हापासून ती शाल पांघरून अक्काबाईच्या दारावरून ये-जा करत होती. मे महिन्यातसुद्धा.

"फुलीपरीस मोठी असंल का?"

"असेल."

"मग ऱ्हाऊ दे वाल म्हैनाभर."

घरी परतताना कुमार मोटरसायकलवर एकटाच हसत होता. कुलूप कुठलंही असो, चावी एकच आहे आणि ती आपल्या खिशात आहे, असं त्याला वाटलं. खरं बोलायचं तर त्यात चूक काहीच नव्हतं. आपल्याकडे माणूस उपाशी राहील, रस्त्यासाठी वीस वर्षं थांबेल, पण स्टेजवर बोलावून गळ्यात शाल टाकणार म्हटलं की बापाचं वैर विसरेल. ती शाल पुढं कोणी वापरत नाही, धूतही नाही. ती कपाटात पडून दुसऱ्या कोणाच्या तरी सत्काराची वाट बघते. तरी ती हवी असते. ज्याला मिळाली त्याला आणखी एक हवी असते, आणि ज्याला मिळाली नाही तो मिळालेल्याला मोजत असतो.

चावी दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीत लागली. जांभळटेकच्या सरपंच बनाबाई. निवडून ती आली, सही ती करते, आणि खुर्चीत तिचा नवरा हनुमंतराव बसतो. असल्या माणसाला पद नसतं, पगार नसतो, कायद्यात जागा नसते, पण गाडीवर पाटी असते. हनुमंतरावाच्या गाडीवर नुसतं 'सरपंच' लिहिलं होतं. कोण, ते लिहिलं नव्हतं. ना हरकत दाखल्याचा अर्ज त्याने दोनदा वाचला. बनाबाई बाजूच्या स्टुलावर शिक्का धरून बसली होती.

"देवाचं हाय का?" हनुमंतरावाने विचारलं.

"नाही."

"पक्षाचं?"

"नाही."

"वर्गणी कुणाकुणाची?"

"कोणाचीच नाही."

हनुमंतराव मागं रेलला. "भाऊसाहेब, देवाचं न्हाई, पक्षाचं न्हाई, वर्गणी न्हाई. मग ह्यात घोटाळा काय हाय, तेवढं सांगा."

घोटाळा नाही हे पटवायला कुमारला दीड तास लागला, आणि तरी ते पटलं नाही. शेवटी खिशातली चावी काढावी लागली. सरपंचांचा सत्कार. मग उपसरपंचांचा आला. मग सदस्यांचा, कारण सातांपैकी सहांचा केला तर सातवा पुढच्या ग्रामसभेत खुर्ची फेकेल. मग ग्रामसेवकांचा. आणि सरपंच म्हणून बनाबाईचा होणारच, तर मार्गदर्शक म्हणून आपला वेगळा व्हावा, असं हनुमंतरावाने नम्रपणे सुचवलं. बनाबाईने शिक्का मारला. ती काही बोलली नाही. चार वर्षांत ती काही बोलली नव्हती.

साऊंडचा टेम्पो खाचरात न्यायचा तर गेनूअण्णाच्या बांधावरून जावं लागतं. गेनूअण्णा आणि त्याचा सख्खा भाऊ दादू ह्यांचा त्याच बांधावरून अकरा वर्षं दावा चालू आहे. गेनूअण्णा सत्काराला एका पायावर तयार झाला, फक्त दादूचा करायचा नाही म्हणाला. दादूकडे वाटेचा शेवटचा चार हातांचा तुकडा होता. तोही तयार झाला, पण गेन्याच्या आधी झाला पाहिजे म्हणाला. दोन दिवस हेलपाटे घालून असं ठरलं, की दोघांचा एकाच मिनिटाला करायचा, दोन वेगळ्या पाहुण्यांच्या हस्ते, एकाच गठ्ठ्यातल्या शाली, आणि नारळ वजन करून.

पोलीस परवानगीला अर्जाच्या पाच प्रती, जागेचा नकाशा आणि कलाकारांची वडिलांसकट नावं लागली. हवालदार भला माणूस होता. त्याने आडकाठी केली नाही, वेळ मात्र पाच ते आठच दिली. बिबट्या पंधरा दिवसांत दोनदा दिसला होता, एकदा तर भर रस्त्यात. "तुमी खुशाल वाजवा," हवालदार म्हणाला, "पण आठाला माणसं घराकडं लागली पायजेत. बिबट्याला आमी आठची वेळ सांगू शकत न्हाई." एवढं सरळ काम झालं होतं, कोणी काही मागितलं नव्हतं. तरी कुमार उठता उठता म्हणाला, की साहेब, आपला छोटासा सत्कार ठेवलाय. का म्हणाला, त्याचं त्याला कळलं नाही. दारुड्याला बाटली दिसल्यावर कळतं का.

कुमारच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सावळारामांनी तर बोलावण्याची वाटच बघितली नाही. ते एसटीतले निवृत्त वाहतूक नियंत्रक. तीस वर्षं भोर स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारल्या, आणि निवृत्तीनंतर घरच्यांना जेवायला पुकारतात. बँडचं नाव ऐकूनच त्यांनी पहिला सल्ला दिला.

"साळेकर, नाव बदलायला सांगा. वरंधा घाट तिसऱ्यात चढत नाही. दुसरा टाकावा लागतो."

कुमार म्हणाला, ते संगीताबद्दल आहे.

"कशाबद्दलही असू द्या. गाडी मागं येईल."

सूत्रसंचालन त्यांनी स्वतःकडेच घेतलं. त्यांच्या सल्ल्याने दीपप्रज्वलन आलं, दीपप्रज्वलनाबरोबर प्रास्ताविक आलं, प्रास्ताविकाबरोबर आभार आले, आणि फेटे आले. डोक्याला फेटा नसेल तर गर्दीत सत्कारमूर्ती कोण आणि चहावाला कोण, हे कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं. मग जनरेटर देणारा, रान सपाट करायला ट्रॅक्टर देणारा, पाण्याचा टँकर देणारा, असे एकेक येत गेले. आणि वेल्ह्याहून नूतनचे कुंडलिकमामा. त्यांचा फोन आला तो मुळात तब्येत विचारायला. पण शेवटी ते म्हणाले, की जावयाच्या कार्यक्रमात गावच्या ट्रॅक्टरवाल्याचा सत्कार होतो आणि पोरीच्या माहेरचं कोणी दिसत नाही, हे वेल्ह्यात बरं दिसणार नाही. माहेरचे चार वाढले. त्या दिवशी नूतनने पहिल्यांदा टी-शर्टाबद्दल बोलणं थांबवलं, आणि घरात खरी भीती पसरली.

सबंध पंचक्रोशीत चावी लागली नाही असा एकच माणूस निघाला. किकवीचा धम्मदीप. त्याचा साऊंडचा धंदा. लग्नं, हळदी, गणपती, जयंती, सगळं करतो, आणि स्पीकर असे पुसतो की आईने पोराचं तोंड पुसावं. तिसरा गिअरची गाणी त्याने शिवानीकडून आधीच मागवून घेतली होती आणि टेम्पो चालवताना पाठ केली होती. कुमारने सवयीने त्यालाही सत्कार देऊ केला.

"काका, मला सत्कार नको. साऊंडचेक पाहिजे. दीड तास."

"दिला."

"आणि किती जणांना शब्द दिलाय तुम्ही?"

कुमारने वही काढली. तीस नावं होती. धम्मदीपने वहीकडे बघितलं, मग कुमारकडे. एका सत्काराला पाच मिनिटं धरली तर अडीच तास होतात, पाचला सुरू करून आठला बंद करायचंय, असं तो शांतपणे म्हणाला. कुमार हसला. सत्कार म्हणजे काय, नाव घेतलं, शाल टाकली, टाळी, दोन मिनिटांत माणूस खाली. सव्वीस वर्षांत दोन मिनिटांत खाली उतरलेला एकही माणूस त्याने पाहिला नव्हता. पण आशा लागली की हेडक्लार्कचंसुद्धा गणित चुकतं.

पहिला शनिवार उजाडला. कुमार सकाळी नऊपासून खाचरात, काळ्या टी-शर्टात. धसकटं काढलेली, रान सारवल्यासारखं सपाट, मागं डोंगर, पुढं स्टेज. दुपारी शिवानी आणि तिचे तिघे आले, त्यांनी डोंगराकडे तोंड करून फोटो काढले, आणि ड्रम वाजवणारी मुलगी म्हणाली, की अशी जागा पुण्यात सात जन्मांत मिळाली नसती. कुमारच्या डोळ्यांत पाणीच आलं. बाकीच्या तीन बँडांचे तिघे बांधावर जाऊन बसले. साऊंडचेक साडेतीनला होता. साडेतीनला हनुमंतरावाची माणसं फ्लेक्स घेऊन आली. फ्लेक्सवर हनुमंतराव डावीकडे मोठा, उजवीकडे मोबाईलवर बोलताना मध्यम. बनाबाई खाली कोपऱ्यात, आधार कार्डावर असते तेवढी. आणि बँडचं नाव सगळ्यात शेवटी, 'ट्रॅक्टर सौजन्य'च्या वर. फ्लेक्स स्टेजला मावेना म्हणून मधला स्पीकर उतरवा, असं ठरत होतं. धम्मदीप स्पीकरला पाठ लावून उभा राहिला. ह्या भांडणात पाच वाजले.

पाचला सावळारामांनी माईक हातात घेतला. "लक्ष द्या," ते म्हणाले, आणि चारशे माणसांतली निम्मी पिशव्या उचलून उभी राहिली.

दीपप्रज्वलन झालं, वाऱ्याने समई तीनदा विझली आणि तीनदा झालं. पहिला सत्कार अक्काबाईचा. शाल मोठी होती. तिने ती उलगडून, उन्हाकडे धरून, पोत बघून मग अंगावर घेतली आणि गर्दीत फुलाबाई कुठं बसलीय ते शोधून तिकडे तोंड करून उभी राहिली. किती वेळ, ते धम्मदीपने मोजलं: चार मिनिटं. मग पंचायत सुरू झाली. प्रत्येकाला फेटा बांधायचा, फेटा बांधणारा एकच, आणि तो कलाकार माणूस, घाई केली की सोडून पुन्हा बांधणारा. प्रत्येकाच्या सत्काराला त्याचे घरचे फोटो काढायला वर येत आणि मग त्यांच्याबरोबरचे पाहुणे वर येत. ज्याचा सत्कार झाला त्याने 'दोन शब्द' बोलायचे असतात. गेनूअण्णा आणि दादूचा एकाच मिनिटाला झाला खरा, पण दोन शब्दही दोघांनी एकाच वेळी, एकाच माईकमध्ये बोलले, बांधाबद्दलच बोलले, आणि ते मिटवायला हवालदाराला फेट्यासकट उठावं लागलं.

सहा वाजले. दिवस डोंगराआड गेला. शिवानी स्टेजच्या मागं गिटार गळ्यात अडकवून उभी होती. तिने ती काढून ठेवली, मग थंडीने पुन्हा घातली. बांधावरचे तिघे पुढच्या शनिवारी दुसरीकडे कुठं काय आहे ते बघायला मोबाईल वर धरून रेंज शोधत होते. कुमार स्टेजखाली हातात वही घेऊन नावांवर काट मारत होता. सातला तेवीस झाले. त्याला ते अर्धं गाणं आठवत होतं, आणि त्याच्या नशिबात आता अर्धंही दिसत नव्हतं. सत्कारांचं हे रान पेटवलं होतं त्याने स्वतःच. कोणावर ओरडणार?

शिवानी खाली त्याच्याजवळ आली. "काका, आमची अकरा गाणी आहेत. कापून कापून तीन केली. ती तरी होतील का?"

"होतील ग. सात राहिलेत फक्त."

"आणि ते तिघं निघालेत. म्हणतायत, पुढचं नंतर फोनवर बोलू."

नंतर फोनवर बोलू म्हणजे काय, हे एक्कावन्न वर्षांच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कुमार बांधावर धावत गेला आणि त्याने तिघांना दहा मिनिटं मागितली. पाया पडायचंच बाकी ठेवलं. पोरं बिचारी वळणाची होती, थांबली.

सात पस्तीसला वेल्ह्याचे कुंडलिकमामा फेटा सांभाळत स्टेजवरच्या सत्कारमूर्तींच्या रांगेत जाऊन बसले. तीस संपले. कुमारने शेवटची काट मारली, धम्मदीपने बोटं बटणांवर ठेवली, शिवानी पायऱ्या चढली. आणि सावळाराम म्हणाले, "लक्ष द्या. आजचा शेवटचा, एकतिसावा सत्कार. ज्यांनी हे सगळं घडवून आणलं, ते श्रीयुत कुमार साळेकर."

वहीत हे नाव नव्हतं. सव्वीस वर्षांत कुठल्याच वहीत नव्हतं. त्याने आमदारांच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांच्या याद्या केल्या, नारळ सोलून आणले, शालींवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या काढल्या. पण ह्याही माणसाला खांदे आहेत, हे कधी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. नाव ऐकून त्याने टी-शर्ट खाली ओढून सरळ केला. दोन पायऱ्या तो चढलाही. मग त्याने स्टेजवरचं घड्याळ बघितलं, माईक घेतला आणि म्हणाला, "माझा सत्कार नको. कृपा करून नको. वेळ नाही. आता फक्त गाणं."

आयुष्यातलं एवढंच एक धाडस त्याने केलं, आणि ते त्याला नडलं. कारण जांभळटेकमध्ये आजवर सत्कार नाकारलेला माणूस कोणी पाहिला नव्हता. चारशे माणसांनी अशा टाळ्या वाजवल्या, की आधीच्या तिसांना मिळून तेवढ्या पडल्या नव्हत्या. हनुमंतराव लगबगीने पुढं आला. त्याने माईक घेतला आणि साळेकर भाऊसाहेबांच्या निगर्वीपणावर बोलायला लागला. त्याच्यानंतर उपसरपंच बोलले. त्यांनी निगर्वीपणाची आणखी तीन उदाहरणं दिली, ती सगळी त्यांच्या वडिलांची होती. मग कुंडलिकमामा, की जावई आमी पारखून केला. कुमार मध्ये उभा राहून हातांनी नको-नको करत होता, आणि जितकं नको म्हणेल तितका निगर्वी ठरत होता. सात पन्नासला हनुमंतरावाने माईक पुन्हा घेतला.

"ह्या प्रसंगी मला माझ्या सुरुवातीच्या काळातली एक आठवण..."

बनाबाई खुर्चीतून उठली. तिने नवऱ्याच्या हातातून माईक काढून घेतला, चिडून वगैरे नाही, पोराच्या हातातली कात्री काढून घ्यावी तसा.

"बसा आता. पोरं दुपारधरनं थंडीत हुबी हायती."

चार वर्षांत तिचं गावाने ऐकलेलं हे पहिलं भाषण. हनुमंतराव बसला. कुठं बसतोय ते न बघता बसला, नशिबाने खुर्ची होती. बनाबाईने कुमारच्या डोक्यावर तयार बांधलेला फेटा दाबला, खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ ठेवला. "झाला सत्कार," ती म्हणाली. आठ सेकंद लागली. म्हणजे होतो, सत्कार आठ सेकंदांत होतो, हे ह्या तालुक्यात सिद्ध झालेलं आहे. मग ती शिवानीकडे वळली. "घे बाई."

सात त्रेपन्न झाले होते. शिवानीने धम्मदीपकडे बोट करून एक दाखवलं. एकच गाणं. ड्रमवाल्या मुलीने काठीवर काठी आपटून चार मोजले.

आणि कुमारला काही ऐकू येईना. म्हणजे मागून ड्रमचा धबधबा येत होता, पण स्पीकर पुढं, तोंड लोकांकडे. हा त्यांच्या मागं, सत्कारमूर्तींच्या रांगेत, लाल खुर्चीत. शिवानीचे ओठ हलताना दिसत होते, आवाज पलीकडे जात होता. वरून फेटा कानांवर उतरलेला. बत्तीस वर्षांनी गाणं त्याच्यापासून आठ फुटांवर चालू होतं, आणि ते त्याच्याकडे पाठ करून चालू होतं. शेजारी उपसरपंच कानात ओरडून विचारत होते, की फेटा परत द्यायचाय का ठेवायचा.

कुमार उठला. सत्कारमूर्तीने मध्येच उठून जायचं नसतं, हा नियम त्यानेच लोकांना सव्वीस वर्षं सांगितलेला. पायऱ्या पलीकडच्या टोकाला होत्या आणि वाटेत सोळा गुडघे होते. तो स्टेजच्या कडेला आला आणि त्याने खाली उडी मारली. चार फूट. गुडघ्यात कट्कन वाजलं. मधला स्पीकर, धम्मदीपने पाठ लावून राखलेला, त्याच्यासमोर होता. तिथं तो उभा राहिला.

छातीत बसला. पहिला ठोका थेट बरगडीत बसला, दुसरा पोटात, आणि मग मोजायचं राहिलंच. शिवानी आडव्या पावसात घाटात बंद पडलेल्या गाडीबद्दल गात होती. मोबाईलवर तो बघायचा तसा त्याचा हात आपोआप वर गेला. हातात नारळ होता. नारळ वर गेला, ठोक्याबरोबर खाली आला, पुन्हा वर गेला.

स्टेजवरच्यांनी हे बघितलं. भाऊसाहेब सव्वीस वर्षांचे जाणकार. ते खाली उतरून स्पीकरसमोर नारळ हलवतायत म्हणजे ह्या कार्यक्रमात तशी रीत असणार. दादू पहिला उतरला. दादू उतरला म्हणून गेनूअण्णा उतरला. मग सातही सदस्य, ग्रामसेवक, ट्रॅक्टरवाला, टँकरवाला, वेल्ह्याचे चौघे. अक्काबाईला दोघांनी धरून आणलं. हवालदाराने इकडेतिकडे बघितलं आणि तोही आला. खाचराच्या मधोमध, फेटे आणि शालीतली तीस-एकतीस माणसं, हातात सत्काराचे नारळ, आणि ते सगळे एका ठोक्याला वर, एका ठोक्याला खाली. मागच्या गर्दीतल्या ज्यांना नारळ मिळाले नव्हते त्यांनी चपला वर केल्या. बांधावरचे तिघे धावत खाली आले होते. रेंज नसताना काढता येतं तेवढं सगळं ते मोबाईलमध्ये काढत होते, आणि त्यातला एक शिवानीकडे बघून दोन्ही हातांनी खुणा करत होता, की पुढचा शनिवार आमचा, आमचा.

गाणं मध्यावर आलं. कुमारने सवयीने घड्याळाकडे बघितलं, आणि मग मनगट शालीत खुपसलं. गाणं पुढं गेलं. हे पुढचं त्याने कधी ऐकलंच नव्हतं. कुठलंच गाणं छातीत वाजत असताना ह्या बाजूला तो आला नव्हता. इथं गिटार वर चढत होती, धम्मदीप डोळे मिटून बटण हलवत होता, नूतन गर्दीतून वाट काढत त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली होती आणि काळ्या टी-शर्टाबद्दल काही बोलत नव्हती. शेवटचा ठोका पडला. संपलं. अख्खं संपलं.

सात एकोणसाठ. हवालदाराने शालीतून हात काढून आता निघा असा इशारा केला, पण तो स्वतःच जागचा हलला नाही. कानात शिट्टी वाजत होती. कुमारला गुडघा दुखतोय हे कळत होतं आणि ते छान वाटत होतं.

अक्काबाईने त्याची बाही ओढली. तिचा फेटा एका डोळ्यावर आला होता.

"कुमार, म्होरल्या शनिवारी नारळ घरनं आणायचा, का तुमी देणार?"